उसना आवाज

मित्रांनो, उंचीने मी तुमच्यातल्या पाचवीच्या मुलाएवढा आहे, पण मला जागचा हलवायला दोन धट्टीकट्टी माणसे लागतात. माझे अंग जाड पोलादाचे, रंग राखाडी आणि डोक्यावर पितळेची झडप. जपानमध्ये प्राणवायूच्या सिलिंडरला काळा रंग देतात, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला हिरवा, आणि हेलियम वाहणाऱ्या आम्हा मंडळींच्या वाट्याला हा राखाडी येतो. आता माझा रंग जागोजागी उडाला आहे. एका गॅस कंपनीच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली, भूकंपात पडू नये म्हणून साखळीने बांधलेला मी उभा असतो. माझी गोष्ट आनंदाची नाही. तरी ती तुम्ही ऐकावी असे मला वाटते, कारण ती एका वाढदिवसाची गोष्ट आहे आणि वाढदिवस तुम्हा सगळ्यांचेच असतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लालबुंद तापलेले पोलाद दाबून आणि ओढून मला घडवले. माझ्या अंगावर कुठेही सांधा नाही. पोटात पाणी भरून माझी परीक्षा घेतली, खांद्यावर आकडे ठोकले आणि मग समुद्रापलीकडून जहाजाने आलेला हेलियम माझ्यात भरला. बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दीडशेपट दाबाने तो भरलेला असतो. हेलियमला रंग नाही, वास नाही. तो जळत नाही आणि विषारीही नाही. त्यामुळे त्याच्याशी कसेही वागले तरी चालते, असा पुष्कळांचा समज होतो.

उमेदीची वर्षे मी सेंदाई शहरातल्या एका विद्यापीठात काढली. तिथल्या प्रयोगशाळेत मेधा नावाची पुण्याची संशोधक होती. यंत्राला कुठे बारीकशी फट राहिली आहे का, हे ती माझ्या वायूच्या मदतीने शोधत असे. काम करता करता ती आईशी फोनवर बोलायची आणि मी ऐकायचो. मला मराठी येते ती तिच्यामुळे. एकदा एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून माझी नळी तोंडाकडे नेली. मेधाने ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली. नंतर ती आईला सांगत होती, "अगं, सिलिंडरचं प्रेशर म्हणजे काय चेष्टा आहे का! एका क्षणात छाती फाटली असती त्याची. आणि वर मलाच म्हणतो, सॉरी मेधा-सान, नुसता आवाज बदलून बघत होतो."

ते ऐकून मला राग आला होता. माझ्यामुळे कुणाची छाती फाटेल, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. तिथे सगळे मला जपत. माझ्यावाचून त्यांचे यंत्र अडत असे. मला वाटायचे, माझ्यासारखा निरुपद्रवी मीच.

पुढे माझे वय झाले. माझ्या पोटातला वायू आता प्रयोगशाळेच्या कामाइतका शुद्ध राहत नाही, असे कुणीतरी ठरवले आणि कंपनीने मला फुग्यांच्या कामाला लावले. अशा रीतीने मी तोक्योच्या पूर्वेला, फुनाबोरीत, फुकुदा नावाच्या वयस्कर बाईंच्या दुकानात आलो. जपानीत नावापुढे आदराने 'सान' लावतात, म्हणून सगळे त्यांना फुकुदा-सान म्हणत. दुकान समारंभाच्या सामानाचे होते. झालरी, कागदी टोप्या, मेणबत्त्या, फुगे. मी मागच्या बाजूला उभा असे आणि कुणाकडे कार्यक्रम असला की भाड्याने जाई.

त्या दुकानात सुप्रभा रेगे अर्धवेळ काम करी. ती नवऱ्याबरोबर जपानला आली होती. पहिली काही वर्षे घरात बसून गेली. मग तिने बसच्या पाट्या वाचत, कचरा वेगळा करायची पत्रके वाचत जपानी शिकून घेतले आणि हे काम धरले. फुकुदा-साननी तिला पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभे करून बजावले होते, "रेगे-सान, याच्या तोटीला कुणी तोंड लावायचं नाही. फुग्यातला वायूसुद्धा ओढायचा नाही. आवाज बदलायचे छोटे डबे मिळतात ना, त्यात प्राणवायू मिसळलेला असतो, आणि तरी ते मुलांना द्यायचे नसतात. याच्यात तर प्राणवायूचा कणही नाही." सुप्रभा प्रत्येक गिऱ्हाइकाला हे न चुकता सांगे.

तिचा नवरा सुशांत. दिवसभर तो एका कंपनीत संगणकावर काम करी, पण जवळच्या निशी-कसाई वस्तीतली मराठी कुटुंबे त्याला ओळखत ती त्याच्या आवाजामुळे. रविवारी मराठीचा वर्ग भरे, तिथे तो मुलांना गोष्टी सांगायचा. ही मुले जपानमध्येच वाढलेली. घरी आईने मराठीत विचारले की जपानीत उत्तर देणारी. पण सुशांतच्या तोंडून म्हातारी खोकली, रेडा रेकला, पोलिसाने शिट्टी मारली की ती मराठीत हसत आणि मराठीत विचारत, "मग काय झालं, काका?" त्याची मुलगी शमा सगळ्यांत पुढे बसायची, असे सुप्रभा कौतुकाने फुकुदा-सानना सांगत असे.

शमाच्या दहाव्या वाढदिवसासाठी वॉर्डाच्या सभागृहातली एक खोली घेतली होती. खोली सुशांतचा मित्र मोहन याच्या नावाने घेतलेली होती. फुग्यांसाठी सुप्रभाने मलाच नेले. ढकलगाडीवरून मला आत आणताना ती सुशांतला म्हणाली, "फुगे भर आणि झडप लगेच बंद कर. आणि तोंड लावू नकोस हं. तुझा काही भरवसा नाही."

"ठाऊक आहे गं," तो हसत म्हणाला. "रोज तेच तेच सांगतेस."

सुप्रभा केक आणायला स्टेशनजवळच्या बेकरीकडे गेली. खोलीत मुले जमली. सुशांतने फुगे भरून भिंतीला बांधले, आणि मग मुलांनी त्याला गोष्टीसाठी धरले. त्याने तिथल्या तिथे एका डासाची गोष्ट रचली. डासाला भुयारी रेल्वेत बसायचे असते आणि स्टेशनमास्तर त्याच्याकडे तिकीट मागतो. स्टेशनमास्तराचा आवाज सुशांतने छाती फुगवून काढला. डासाची पाळी आली तेव्हा त्याने एका फुग्याचा दोरा सोडला, फुग्याचे तोंड ओठांना लावले आणि थोडा वायू ओढून घेतला.

"मास्तर, मी उडत आलोय, मला कशाला तिकीट?"

आवाज असा चिरका आणि बारीक निघाला की मुले हसून लोळायला लागली.

साई नावाच्या मुलाने विचारले, "काका, आवाज असा का होतो?"

सुशांतने सगळ्यांना गळ्यावर बोट ठेवून 'आ' म्हणायला लावले. "हे थरथरतंय ना, ते तुमचे स्वरतंतू. हेलियम घेतला तरी ते तेवढेच थरथरतात. पण हेलियम हवेपेक्षा खूप हलका. त्याच्यातून आवाज फार जोरात पळतो. त्यामुळे घशात आणि तोंडात जो घुमतो ना, तो सगळा वर चढतो. पातळ होतो."

"मग जाड आवाजाचा पण गॅस असतो?"

"असतो. सल्फर हेक्साफ्लोराइड. हवेच्या पाचपट जड. तो घेतला की विहिरीतून राक्षस बोलल्यासारखं वाटतं."

"तो आणा! तो आणा!"

"छे! तो फुप्फुसात तळाला जाऊन बसतो, लवकर बाहेर निघत नाही. श्वास कोंडेल. त्याच्या वाटेला जायचं नाही."

मित्रांनो, त्या जड वायूबद्दल तो किती शहाणपणाने बोलला! माझ्याबद्दल मात्र त्याला तसे काही वाटले नाही. हलका म्हणजे निर्धोक, असे त्याने मनाशी धरले होते. पण फुप्फुसात मी शिरलो की प्राणवायूची जागा अडते, मग मी हलका असो वा जड.

गोष्ट पुढे चालली. डासाचा आवाज दोन वाक्यांत ओसरे आणि सुशांतचा स्वतःचा आवाज मध्येच परत येई. मुले ओरडत, "डास, डास!" मग तो दुसरा फुगा सोडी, तिसरा सोडी. एकदा त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. मोठ्या माणसांपैकी तेव्हा खोलीत फक्त मोहन होता आणि तो फोनवर गोष्टीचे चित्रण करत होता.

डासाचे शेवटचे वाक्य उरले होते. सुशांतने भिंतीवरून फुगा ओढला आणि तो त्याच्या हातातच फुटला.

"बाबा, डास काय म्हणाला? सांग ना!" शमा म्हणाली. "पुन्हा काढ ना आवाज!"

सुशांत नवा फुगा शोधू लागला. मोहन म्हणाला, "अरे, फुग्यात कशाला भरत बसतोस? थेट घे की. एवढंसं तर घ्यायचंय."

सुशांतने एकदा दाराकडे पाहिले. सुप्रभा अजून आली नव्हती. तो माझ्यापाशी आला, झडप उघडली, वाकला आणि तोटी ओठांत धरून त्याने ती बोटाने कलती केली. ती कलली की वायू सुटतो.

फुग्यातून येणारा वायू मऊ असतो. माझ्यातून येणारा तसा नसतो. मला थांबता येत नाही. माझी झडप माणसाच्या हातात असते आणि त्याच्या छातीत किती मावेल हे मला कळत नाही. एक लहानसा फटकारा बसला, एवढेच. सुशांत ताठ उभा राहिला. त्याने तोंड उघडले, पण डासाचाही आवाज आला नाही आणि त्याचाही नाही. मग तो गुडघ्यांवर बसला आणि एका कुशीवर आडवा झाला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"डास मेला! डास मेला!" कुणीतरी जपानीत ओरडले आणि सगळी हसत सुटली. सुशांतकाका पडला तर तो नाटकच करणार, हे त्यांना पक्के माहीत होते. मोहनही हसत होता. त्याने फोन खालीही घेतला नव्हता. हसण्यात किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. शमा पुढे झाली, बापाचा हात धरून तिने हलवला आणि सोडला. हात धपकन जमिनीवर पडला.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, पुरे."

त्याचा अर्धा चेहरा खाली ओघळला होता. ओठांच्या कडेला गुलाबी फेस होता.

मोहनने रुग्णवाहिका बोलावली. मग तो घाबरून इकडेतिकडे पाहू लागला. सभागृहात गॅसचा सिलिंडर आणायला आधी परवानगी लागते आणि ती त्याने घेतली नव्हती. त्याने मला गाडीसकट ओढत नेले आणि खिडकीच्या लांब पडद्यामागे उभे केले. त्यापुढचे मी फक्त ऐकले.

पावले वाजली. बरोबर केकची पिशवी चुरगळल्याचा आवाज आला आणि सुप्रभाची किंकाळी. रुग्णवाहिकेबरोबर आलेला माणूस विचारत होता, काय झाले, कशाने झाले.

मोहन तुटक जपानीत म्हणाला, "चक्कर आली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं."

"काही औषध? काही हुंगलं, प्यायले?"

"नाही. काही नाही."

"खोटं," शमा म्हणाली.

मोहन मराठीत तिला म्हणाला, "शमा, बाळा, तू गप्प बस जरा. मोठी माणसं बोलतायत ना."

पडदा सर्रकन बाजूला झाला. शमा माझ्यासमोर उभी होती. तिने माझ्याकडे बोट दाखवले आणि स्वच्छ जपानीत सांगितले, "माझ्या बाबांनी याचा हेलियम घेतला. फुग्यातून नाही. इथून." आणि तिने आपले ओठ तोटीजवळ नेऊन, न टेकवता, दाखवले.

त्या माणसाचा चेहरा एकदम बदलला. त्याने साथीदाराला हाक मारली, फोनवर भराभरा काही विचारले आणि सुशांतला जवळच्या रुग्णालयाऐवजी, जिथे दाबाखाली प्राणवायू देण्याची खोली आहे अशा लांबच्या रुग्णालयात न्यायचे ठरवले. सुप्रभा माझ्याकडे पाहत होती. तिच्या हातात अजून केक होता.

"मी सांगितलं होतं," ती पुटपुटली. "मी त्याला सांगितलं होतं."

पोलिसांनी मला नेले, तपासले आणि दुकानात परत पाठवले. माझ्यात काहीही बिघाड नव्हता. तेव्हापासून मी मागच्या खोलीतच पडून राहिलो. माझ्यावर कुणी फडकेही फिरवले नाही.

काही आठवड्यांनी सुप्रभा कामावर आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. तिने खाली बघत फुकुदा-सानना सगळे सांगितले. डॉक्टर भराभर बोलत होते आणि तिला कळत नव्हते, म्हणून मध्ये शमाला उभे राहावे लागले. शमा एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. आई, बाबाच्या फुप्फुसाला आतून फाटलंय. आई, तिथून गॅसचे बुडबुडे रक्तात गेले. आई, ते डोक्यात जाऊन अडकले. त्यानंतर डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले आणि शमा गप्प झाली.

"मी विचारलं, पुढे काय म्हणाले?" सुप्रभा सांगत होती. "ती म्हणाली, मला नाही समजलं. पण तिला समजलं होतं, फुकुदा-सान. तिचं तोंडच सांगत होतं. बोलता येईल की नाही सांगता येत नाही, असं म्हणाले होते ते. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या पोरीने एक अख्खी रात्र ते एकटीने पोटात ठेवलं."

फुकुदा-साननी तिच्यासमोर चहा ठेवला. मग त्या तिच्याशेजारी बसल्या.

पुढचे मला सुप्रभाच्या बोलण्यातून कळत गेले. सुशांत वाचला. शमाने खरे सांगितले नसते तर तेही झाले नसते, असे डॉक्टरांनी सांगितले. तो काठी घेऊन चालू लागला. उजवा हात मात्र लुळाच राहिला. त्याला सगळे समजे. पण शब्द त्याच्या हाती लागत नसत. पाणी हवे असले की तो 'खिडकी' म्हणे, आणि आपण चुकीचे बोललो हे कळून कपाळावर हात मारी. मोहन रोज डबा घेऊन रुग्णालयात जाई आणि दाराबाहेर बसून राही. सुप्रभा डबा घेई, पण त्याच्याशी बोलत नसे. रविवारच्या वर्गात दुसरे कुणी गोष्टी सांगू लागले. मुले येत, पण थोडी, आणि हळूहळू तीही खेळाच्या शिकवण्यांना जाऊ लागली.

शेवटी रेगे कुटुंबाने पुण्याला परतायचे ठरवले. निघण्याआधी तिघेही फुकुदा-सानचा निरोप घ्यायला आले. सुप्रभा आपला एप्रन परत द्यायला मागच्या खोलीत आली, तिच्यामागून शमा आली आणि काठी टेकत सुशांत.

शमाने मला पाहिले आणि ती जागीच थबकली. ती उंच झाली होती. सुशांतही थांबला. मला वाटले, तो मला शिव्या देईल, काठी मारील. त्याने फक्त नजर वळवली.

"बाबा," शमा म्हणाली. बरेच दिवस तोंडाशी आलेले ती आज बोलत होती. "मी म्हटलं ना, पुन्हा काढ आवाज. मी म्हटलं नसतं तर तू केलं नसतंस. माझ्यामुळे झालं ना?"

सुशांत जोरजोराने मान हलवू लागला. नाही, नाही, नाही. त्याने काठी सोडून डाव्या हाताने तिचा खांदा पकडला. त्याचे ओठ थरथरले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि सगळा जीव एकवटून त्याने तो शब्द बाहेर काढला.

"हो."

तो स्वतःच दचकला. पुन्हा मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला. "हो... हो... हो..." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि मान नाही नाही म्हणत होती. ज्या माणसाला शंभर आवाज काढता येत, त्याला 'नाही' हा एक शब्द सापडत नव्हता.

सुप्रभाने धावत येऊन दोघांना धरले. "शमा, त्याला 'नाही' म्हणायचंय गं. डॉक्टरांनी सांगितलंय ना, शब्द उलटे येतात. तू बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, मानेकडे बघ. बघ, बघ त्याची मान!"

"माहितीये आई," शमा म्हणाली. ती बापाच्या मानेकडे बघत होती. पण कानांना झाकण नसते. ते तिघे दाराबाहेर जाईपर्यंत मला तो शब्द ऐकू येत होता.

फुकुदा-साननी त्यानंतर सिलिंडर ठेवणे बंद केले. मी पुन्हा इथे, या आवारात आलो. मला भरतात, नेतात, रिकामा करून आणतात. मी जिथे जातो तिथे कुणीतरी हसत हसत माझ्याकडे येते आणि माझी धास्ती वाढते.

मित्रांनो, ऐन वेळी मला ओरडता येत नाही आणि झडप बंद करायला मला हात नाहीत. तुम्हाला आवाजही आहे आणि हातही. फुगे खुशाल भरा, भिंतीला बांधा, आकाशाला दाखवा. पण हवेशिवाय दुसरा कुठलाही वायू आवाजाच्या गमतीसाठी छातीत घेऊ नका, आणि माझ्यासारख्याच्या तोंडाला तर तोंड कधीच लावू नका. दुसरे कुणी तसे करताना दिसले, मग ते तुमचे काका असोत, दादा असो, नाहीतर खुद्द बाबा असोत, तर त्यांचा हात धरा. सगळे हसतील, तुम्हाला भित्रे म्हणतील. म्हणू द्या. हात तेवढा सोडू नका.